लाल रंग नको, ग्रीस हवं!

ट्रॅक डेहून आलं की लोक गाडी धुतात, फोटो काढतात. मी आधी पुढची चाकं काढतो. बायको म्हणते, हा तुझा योगाभ्यास.

कोइमतूरच्या करी मोटर स्पीडवेवर सलग वीस मिनिटं ब्रेक मारा, कॅलिपर अक्षरशः भाजून निघतो. पिस्टनभोवतीचं रबर कडक होतं, चिरतं. मग आत पाणी, धूळ, गंज आणि अडकलेला पिस्टन. कॅलिपर ज्या पिनांवर सरकतो, त्या हाताने सहज हलतात का बघा. आतला पॅड बाहेरच्यापेक्षा पार झिजला असेल, तर पिना किंवा पिस्टन अडकलाय म्हणून समजा. पिनांना ब्रेकचं सिलिकॉन ग्रीसच लावायचं. साध्या ग्रीसने रबर फुगतं. आणि ब्रेक ऑइल? ते हवेतली ओल पितं. ताजं डॉट ४ किमान २३० अंश सेल्सिअसपर्यंत उकळत नाही, ओल प्यायलेलं १५५ लाही उकळू शकतं. मग बुडबुडे, आणि पेडल थेट तळाला!

कॅलिपरला लाल रंग फासणारे खूप भेटतात, बॉस. रबर किट मागणारा एखादाच. गॅरेजवाले काका दरवेळी विचारतात, “आवाज येत नाही ना, मग उघडायचं कशाला?”

काका, याच गाडीतून आईला घेऊन कात्रजचा घाट उतरायचाय, म्हणून.