एकट्याने केलेली शिकार

गेल्या नाताळच्या सुटीत दक्षिण आफ्रिकेत पुष्कळ वर्षे स्थायिक झालेले एक गृहस्थ आपल्या वृद्ध मातेला भेटण्यासाठी गावी आले होते. सकाळची मिस्सा आटोपल्यावर ते मला भेटावयास आले आणि थोड्या गप्पा झाल्यावर त्यांनी मोबाइलवरील एक छायाचित्र मोठ्या उत्साहाने माझ्यासमोर धरले. वाळलेल्या गवतात एक प्रचंड रानरेडा निपचित पडलेला, त्याच्या शिंगावर हात ठेवून हे गृहस्थ बसलेले, मांडीवर रायफल.

“फादर, यातलं विशेष सांगू का? बरोबर वाटाड्या नव्हता. मी एकट्याने मारला.”

मी विचारले, “मग एवढं धूड गाडीत चढवलं कोणी?”

“शेतावरची माणसं होती ना.”

“आणि माग कोणी काढला?”

“त्यांच्यातलाच एक म्हातारा होता.”

“त्याचं नाव काय?”

ते नुसतेच हसले. नाव त्यांना ठाऊक नव्हते. निघता निघता त्यांनी सहज सांगितले, की आदल्या दिवशी आणखी एक रेडा गोळी लागून घायाळ झाला होता. अंधार पडला आणि मग तो सापडला नाही. “पण त्याचेही पैसे भरले मी,” असे म्हणून त्यांनी तो विषय मिटविला. माझ्या मनातून मात्र तो अद्याप मिटलेला नाही, म्हणून हा लेखप्रपंच.

दक्षिण आफ्रिका, नामिबिया, झिंबाब्वे, टांझानिया या देशांत शिकारीसाठी येणाऱ्या परदेशी पाहुण्याने नोंदणीकृत व्यावसायिक शिकाऱ्याला बरोबर घेतले पाहिजे, असा सर्वसाधारण नियम आहे. तेथील रहिवाशाला मात्र पुष्कळदा ही अट नसते. मालकाची परवानगी आणि आवश्यक ते परवाने असले, की तो आपल्या बळावर रानात शिरू शकतो. या वाटाड्याविना केलेल्या शिकारीभोवती आता एक तेजोवलय निर्माण झाले आहे. पैसे मोजून दुसऱ्याने दाखविलेल्या सावजावर चाप ओढणारा तो हौशी प्रवासी. स्वतः माग काढून, स्वतः जोखीम पत्करून मारणारा तोच खरा शिकारी, असे या पंथाचे म्हणणे आहे.

या म्हणण्यात तथ्यांश आहे, हे मी प्रथमच मान्य करतो. दक्षिण आफ्रिकेत पिंजऱ्यात वाढविलेले सिंह कुंपणाच्या आत सोडून गिऱ्हाइकाकडून मारविण्याचा जो किळसवाणा धंदा चालत आला, त्याच्याशी तुलना करता दिवसभर उन्हात पायपीट करणारा माणूस निश्चितच अधिक प्रामाणिक आहे. माझा आक्षेप त्याच्या कष्टांना नाही. माझा आक्षेप त्याच्या तोंडच्या ‘एकट्याने’ या एका शब्दाला आहे.

हा शब्द जुना आहे आणि तो पहिल्यापासून खोटा आहे. अमेरिकेचे माजी राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट १९०९ मध्ये पूर्व आफ्रिकेत शिकारीसाठी गेले. त्यांनी आणि त्यांच्या पुत्राने मिळून ५१२ जनावरे मारली. त्यांच्या पराक्रमाच्या कथा जगाने वाचल्या. परंतु त्यांचे तंबू, मीठ आणि कातडी डोक्यावर वाहणाऱ्या सुमारे दोनशे हमालांपैकी किती जणांची नावे आज कोणी सांगू शकेल? ज्या रेल्वेने ते मोंबासाहून आत गेले, ती रेल्वे तर आपल्या देशातून, मुख्यतः पंजाबातून नेलेल्या सुमारे ३२,००० मजुरांनी बांधली होती. १८९८ मध्ये त्साव्हो नदीवरील पुलाचे काम चालू असताना दोन सिंहांनी यांतील मजुरांना रात्री तंबूंतून ओढून नेले. ते सिंह मारणारे कर्नल पॅटरसन पुस्तकामुळे अजरामर झाले. त्या सिंहांची कातडी पुढे शिकागोच्या संग्रहालयाने विकत घेतली आणि त्यांत पेंढा भरून ती मांडून ठेवली. सिंहांना संग्रहालयात जागा मिळाली. मेलेल्या मजुरांपैकी बहुतेकांच्या नावाचा दगडसुद्धा उरला नाही.

याच त्साव्होच्या रानात वाटा नावाची जमात पिढ्यान् पिढ्या हत्तीची शिकार करीत असे. लांब धनुष्य आणि विषारी बाण हीच त्यांची हत्यारे. प्रत्येक पाणवठा, प्रत्येक पाऊलवाट त्यांना मुखोद्गत होती. १९४८ मध्ये तेथे राष्ट्रीय उद्यान झाले आणि १९५० च्या दशकात चोरट्या शिकारीविरुद्ध जी मोहीम निघाली, तीत या लोकांची धरपकड होऊन अनेकांची रवानगी तुरुंगात झाली. हस्तिदंताच्या व्यापाऱ्यांनी त्यांना हाताशी धरले होते, हे खरे. हत्ती वाचविणे आवश्यक होते, हेही खरे. परंतु त्याच काळात त्याच वसाहतीत परवाना विकत घेणाऱ्या गोऱ्या माणसाने हत्ती मारला, तर ती क्रीडा ठरत होती! ज्याला खरोखर कोणत्याही वाटाड्याची गरज नव्हती तो कैदी झाला, आणि ज्याला पावलोपावली वाटाड्या लागत होता तो ‘एकटा’ शिकारी म्हणून मिरवू लागला. कुणाच्या तरी घराला ‘निर्मनुष्य अरण्य’ म्हणावयाचे, त्या घरातल्या माणसाला चोर ठरवावयाचे आणि मग तेथे एकांताचा आनंद लुटावयाचा, हा या शब्दाचा खरा इतिहास आहे.

आता शिकारीचे समर्थक मला अडवतील. ते म्हणतील, “फादर, शिकारीच्या पैशावरच जनावरे जगतात.” हा युक्तिवाद हसण्यावारी नेण्याजोगा नाही. नामिबियाने १९९६ मध्ये कायदा करून गावकऱ्यांना आपापल्या भूमीतील वन्य पशूंवर अधिकार दिले. आज तेथे अशी ८० हून अधिक संरक्षित क्षेत्रे गावकरी चालवितात. परवान्याचा पैसा गावाला मिळतो, मांस घराघरांत वाटले जाते, तरुणांना रक्षकाची नोकरी मिळते. उलट केनियाने १९७७ मध्ये शिकारीवर बंदी घातली, तरी तेथील वन्य पशूंची संख्या त्यानंतरच्या चार दशकांत निम्म्याहून अधिक घटली. आपलेच उदाहरण घ्या. आपल्या देशातील अखेरच्या चित्त्यांपैकी तीन १९४७ च्या सुमारास एका संस्थानिकाने मारले आणि २०२२ मध्ये आपण कुनोसाठी चित्ते मागून आणले ते नामिबियाहून. म्हणजे जेथे शिकार चालते, त्याच देशातून! तेव्हा येथे बसून तेथील गावकऱ्याला बंदीचा उपदेश करण्याचा मला अधिकार नाही.

परंतु हाच युक्तिवाद नीट पाहिला, तर तो माझ्या पाहुण्यांच्या विरुद्ध जातो. नामिबियाच्या व्यवस्थेत जनावर टिकते, कारण तेथे शिकारी एकटा नसतो. कोणता नर म्हातारा झाला आहे आणि कोणता अजून कळपाला हवा आहे, हे जाणणारा माणूस त्याच्या शेजारी उभा असतो. गोळी चुकीच्या ठिकाणी लागली, तर दुसरी बंदूक तयार असते. जखमी पशू झुडपात शिरला, तर त्याच्या मागे जाणे ही जबाबदारी कुणाची तरी असते. आणि संध्याकाळी गावात परतल्यावर काय घडले, हे सांगणारा साक्षीदार असतो. आपला संस्थानिक आणि नामिबियाचा गावकरी यांच्यातील भेद हाच आहे: संस्थानिकाला विचारणारे कोणी नव्हते.

साक्षीदार असला म्हणजे सर्व काही शुद्ध होते, असेही नाही. २०१५ मध्ये झिंबाब्वेतील ह्वांगे उद्यानाच्या सीमेवर सेसिल हा सिंह बाणाने घायाळ होऊन कित्येक तास तळमळत राहिला, तेव्हा परवानाधारक शिकारी तेथे हजर होताच. तथापि नाव-गाव असलेला माणूस तेथे होता, म्हणूनच जगाला जाब तरी विचारता आला. जेथे कोणीच नाही, तेथे जाब कोणाला विचारणार?

माझ्या पाहुण्यांनी जाता जाता धर्मग्रंथाचाही आधार घेतला. “देवानेच माणसाला पशूंवर सत्ता दिली आहे ना?” असे ते म्हणाले. होय, दिली आहे. पण त्याच ग्रंथात पुढच्याच अध्यायात माणसाला बागेत ठेवले, ते तिची मशागत आणि राखण करण्यासाठी. राखणदाराची सत्ता ही हिशेब देणाऱ्याची सत्ता असते. पशूंना विनाकारण यातना देणे अथवा मारणे हे मानवी प्रतिष्ठेला शोभणारे नाही, असे आमची धर्मशिकवण स्पष्ट सांगते. १२१५ च्या लॅटरन परिषदेने तर धर्मगुरूंना शिकारीची मनाईच केली होती. तेव्हा या बाबतीत मी तटस्थ आहे, असा आव मी आणत नाही.

राहता राहिला तो दुसरा रेडा. त्याचे छायाचित्र कोणी काढले नाही. पाच-सहाशे किलो वजनाचा तो जीव शरीरात शिसे घेऊन काटेरी झुडपात उभा होता, की पडला होता? जखमी रानरेडा माणसावर उलटतो, हे शिकाऱ्यांनीच आपल्याला शिकविले आहे. दुसऱ्या दिवशी त्या झुडपाजवळून प्रथम कोण गेले असेल? तारेचे कुंपण दुरुस्त करणारा मजूर? की तोच माग काढणारा म्हातारा, ज्याचे नाव कोणी विचारले नाही? ‘पैसे भरले’ या दोन शब्दांनी शेतमालकाचा हिशेब मिटला असेल. त्या पशूचा आणि त्या माणसाचा मिटला काय?

ते गृहस्थ पुन्हा आपल्या गावी येतील, तेव्हा मी त्यांना बंदूक मोडून टाका असे सांगणार नाही. सांगितले तरी ते ऐकणार नाहीत. मी एवढेच विचारीन: त्या म्हाताऱ्याचे नाव आता तरी कळले का? आणि ते जर म्हणाले, की पुढच्या वेळी तो रेडा सापडेपर्यंत, रात्र झाली तरी, दुसरा दिवस उजाडला तरी, त्या म्हाताऱ्याबरोबर मी रानातून हललो नाही, तर मी त्यांचे छायाचित्र पुन्हा पाहीन. मात्र त्या छायाचित्रात माणसे दोन असली पाहिजेत.