चिलखती मोटारीतील मशीनगन कोणावर रोखली होती?

१/ पाथर्डीहून सुमारे ५० किलोमीटरवर, अहिल्यानगरच्या रणगाडा संग्रहालयात रोल्स-रॉइस चिलखती मोटार आहे. तिचे खरे महत्त्व चिलखतापेक्षा बुरुजातील मशीनगनमध्ये आहे.

२/ व्हिकर्स मशीनगन मिनिटाला सुमारे ४५० गोळ्या झाडी. नळी थंड ठेवण्यासाठी तिच्याभोवती ४ लिटरहून अधिक पाणी लागे. तिवई, पाणी आणि गोळ्या वाहताना सैनिकांची दमछाक होई. १९१४ च्या अखेरीस ब्रिटिशांनी ती रोल्स-रॉइसच्या फिरत्या बुरुजात बसवली आणि हा सारा भार चाकांवर आला.

३/ १३ एप्रिल १९१९ रोजी जनरल डायरने जालियनवाला बागेकडे मशीनगन बसवलेल्या दोन चिलखती मोटारी नेल्या. वाट अरुंद असल्याने त्या बाहेरच राहिल्या. आत रायफलींनी संहार केला. मोटारी आत जाऊ शकल्या असत्या, तर मशीनगनही बहुधा वापरल्या असत्या, असे त्याने हंटर समितीपुढे सांगितले.

४/ म्हणून या शस्त्राचा इतिहास यांत्रिक प्रगतीपाशी थांबवणे अन्यायाचे ठरेल. युद्धासाठी घडलेले साधन वसाहतीत निःशस्त्र प्रजेच्या दाराशी उभे राहिले. संग्रहालयात चिलखताची जाडी जरूर विचारावी. अशा बुरुजांतील नळ्या कोणाकडे वळल्या, हेही विचारावे.