निळा धूर आणि मेस्त्रींची घाई

इकडे अमेरिकेतही जुन्या मॅसी फर्ग्युसन १३५चं इंजिन बांधल्यावर निळा धूर दिसला की लोक पुन्हा इंजिन उतरवायला निघतात. आपल्यासारखेच!

काळा धूर म्हणजे हवा कमी किंवा डिझेल जास्त. इंजिन तापल्यावरही पांढरा, आणि रेडिएटरचं पाणी घटतंय? हेड गॅस्केट बघा. निळा म्हणजे ऑइल जळतंय; पण मंडळी, नव्या रिंगा लायनरला बसायला वेळ लागतो, आणि त्या बसतात लोडवर. "आठवडाभर नुसतं आयडलवर ठेवा" हा सल्ला मला घातकच वाटतो. लायनर गुळगुळीत होतो, मग रिंगा बसतच नाहीत. ट्रॉली जोडा, टेंपरेचर बघत मध्यम लोडवर ५० तास चालवा, ऑइल बदला. धूर कमी होत गेला तर इंजिनाला हात लावू नका. ऐन हंगामात दुसरं किट कुणाला परवडतं? ब्रीदरही जोरात धूर फेकत असेल, तर मात्र खोला.