थप्पी लावणारे आणि पदवी लावणारे

"माल इथून उचलायचा, तिथे टाकायचा. यात शिकायचं काय असतं हो?" भिवंडीतले माझ्या ओळखीचे एक जुने हुंडेकरी दर भेटीत हे ऐकवतात. गेल्या खेपेला कळले की त्यांचा धाकटा पुण्यात काही लाख भरून 'सप्लाय चेन'मध्ये एमबीए करतो आहे. मी नुसते त्यांच्याकडे पाहिले. म्हणाले, "ते लग्नासाठी."

लॉजिस्टिक्सच्या प्रशिक्षणाविषयी आपल्याकडे जी दोन मते चालतात, ती अशी एका घरात सुखाने नांदतात. एक म्हणते, शिकण्यासारखे काही नाहीच. दुसरे म्हणते, पदवी घेतली की शिकून झाले. दोन्ही चुकीची आहेत, आणि सहा वर्षे एका गोदामात डिस्पॅच सांभाळल्यामुळे ती किती महागात पडतात हे मी पाहिले आहे.

आधी पहिल्या मताचा समाचार. या पक्षाचे ब्रह्मास्त्र म्हणजे मुंबईचा डबेवाला. कॉलेजचे तोंड न पाहिलेली माणसे, आणि 'फोर्ब्स'ने त्यांना सिक्स सिग्मा दिला, मग प्रशिक्षणाची मातबरी ती काय! यातला पहिला भाग अर्धा खरा, दुसरा साफ खोटा. १९९८ मध्ये 'फोर्ब्स'मध्ये डबेवाल्यांवर एक लेख आला, एवढेच घडले. मासिके सिक्स सिग्माची प्रमाणपत्रे वाटत नाहीत. दहा लाख संधींमागे ३.४ चुका हे त्या मापाचे गणित आहे आणि ते मांडायला रोजच्या चुकांची नोंद ठेवावी लागते. पण व्याख्यानांतून हे प्रमाणपत्र इतक्या वेळा वाटले गेले आहे की आता ते मागे घेणे अवघड.

राहिला शिक्षणाचा प्रश्न. १८९० मध्ये महादू हावजी बच्चे यांच्यापासून चालत आलेल्या या धंद्यात नवा माणूस पहिल्याच दिवशी एकटा डबे उचलत नाही. मावळ-खेड-जुन्नरकडून आलेला पोरगा मुकादमाच्या नजरेखाली, जुन्या माणसाच्या मागे काही महिने फिरतो. झाकणावरचे रंग, अक्षरे आणि आकडे वाचून चढायचे स्टेशन कोणते, उतरायचे कोणते, इमारत कुठली, मजला कितवा हे त्याला लोकलच्या गर्दीत, घड्याळाशी झटत ओळखावे लागते. याला प्रशिक्षण म्हणायचे नाही तर कशाला? फक्त शेवटी फोटोसकट प्रमाणपत्र मिळत नाही.

शिवाय एक गोष्ट डबेवाल्यांचे स्तुतिपाठक कधीच बोलत नाहीत. डबेवाल्याकडे साठा नसतो. सकाळी उचललेला डबा दुपारी पोचतो, रिकामा होऊन संध्याकाळी घरी येतो. उद्या किती डबे लागतील याचा अंदाज त्याला बांधायचा नसतो, मुदत संपलेला डबा फडताळात मागे सरकून राहत नाही. पुरवठ्याच्या धंद्यातली निम्मी डोकेदुखी साठ्याची असते, आणि ती डबेवाल्याच्या वाट्याला येतच नाही. त्यांची वाहवा जरूर करा, पण जो पेपर त्यांनी दिलाच नाही त्याचे गुण त्यांच्या नावावर लावू नका.

साठ्यापाशी नुसता अनुभव कसा थकतो ते सांगतो. आमच्या गोदामातला मुकादम असा, की ट्रक पाहूनच किती पेट्या बसतील ते सांगायचा, आणि आकडा चुकायचा नाही. पण नवा माल आला की तो पुढे लावायचा, कारण पुढे लावणे सोपे. काढायचाही पुढूनच. मागची थप्पी तशीच. एका दिवाळीनंतर मागचे रॅक मोकळे केले तेव्हा मुदत उलटलेल्या बिस्किटांच्या पेट्या निघाल्या, एक अख्खा टेम्पो भरेल एवढ्या. ज्याची मुदत आधी संपते ते आधी बाहेर, हा नियम समजायला पाच मिनिटे पुरतात. त्याच्या वीस वर्षांच्या अनुभवात ती पाच मिनिटे नव्हती, कारण ती त्याला कोणी दिलीच नव्हती. मालकाने तर नाहीच.

दुसरे उदाहरण गणिताचे. चार शहरांत चार गोदामे आहेत आणि अचानक मागणी वाढली तर हाताशी असावा म्हणून प्रत्येक ठिकाणी १०० पेट्यांचा जादा साठा ठेवला आहे. ही चार मोडून एकच गोदाम केले तर तेवढीच खात्री राखायला किती जादा साठा लागेल? जुना माणूस छातीठोक सांगतो, ४००. उत्तर सुमारे २०० आहे. चारही शहरांतली मागणी एकमेकांशी संबंध नसल्यासारखी हलत असेल, तर एकीकडची वाढ दुसरीकडची घट भरून काढते आणि जादा साठा गोदामांच्या संख्येच्या वर्गमूळाने वाढतो. चाराचे वर्गमूळ दोन. हे जन्मभर थप्प्या मोजून कळत नाही, फळ्यावर कोणीतरी मांडावे लागते. आणि १ जुलै २०१७ ला जीएसटी आला तेव्हा याच गणिताला पैशाची किंमत आली. त्याआधी परराज्यातल्या विक्रीवर केंद्रीय विक्रीकर लागे, म्हणून कंपन्या राज्याराज्यांत गोदाम ठेवत. ते कारण संपले. ज्यांना वर्गमूळ ठाऊक होते त्यांनी गोदामे मिटवून मोठी, मोक्याची गोदामे उभारली. बाकीचे त्यानंतरही बरीच वर्षे जुनी भाडी भरत राहिले.

माल नेताना सोबत लागणाऱ्या ई-वे बिलाचेही तेच. साध्या मालाला २०० किलोमीटरमागे एक दिवस मुदत. गाडी वाटेत बिघडली तर मुदत संपण्याआधीच्या किंवा नंतरच्या ८ तासांतच ती वाढवता येते. अनुभवाने हे कळतेच, नाही असे नाही. दंडाची पावती फाडल्यावर कळते.

एवढे वाचून पदवीवाल्यांनी हसू नये. आता त्यांची पाळी.

या क्षेत्राच्या माहितीपुस्तिका उघडा. पहिल्या पानावर हमखास असते: भारतात मालवाहतुकीचा नि साठवणुकीचा खर्च जीडीपीच्या १४ टक्के, प्रगत देशांत ८, तेव्हा संधीच संधी! हा १४ चा आकडा वर्षानुवर्षे एका भाषणातून दुसऱ्या भाषणात उतरत आला. २०२२ च्या राष्ट्रीय लॉजिस्टिक्स धोरणानंतर सरकारनेच एनसीएईआर या आर्थिक संशोधन संस्थेकडून हिशेब करून घेतला, तेव्हा २०२१-२२ साठी तो ७.८ ते ८.९ टक्के निघाला. अंदाजाचे शास्त्र विकणाऱ्यांनी आपल्या दुकानाच्या पाटीवरचा आकडा तरी तपासावा, इतकी अपेक्षा फार नाही.

आमच्याकडे असाच एक पदवीधर आला होता. हुशार मुलगा, नम्रही. त्याने संगणकावर नाशिक-धुळे-जळगाव गाडीची अशी भरती आखली की इंचभर जागा वाया जाऊ नये. गेलीही नाही. फक्त नाशिकचा माल केबिनकडे गेला आणि जळगावचा दाराशी आला. नाशिकला निम्मी गाडी फुटपाथवर उतरवून पुन्हा भरली, हमालीचा भुर्दंड वेगळा. शेवटी उतरणारा माल आधी चढवायचा, हे आमच्या मुकादमाने त्याला भरतानाच सांगितले होते. "सॉफ्टवेअरने काढलंय" असे उत्तर मिळाले. दोन वर्षांच्या अभ्यासक्रमात त्याने एका नामांकित गोदामाला भेट दिली होती. एक दिवस. चहा-नाश्त्यासह.

ज्या मुकादमाने बिस्किटे सडवली त्याच मुकादमाला गाडी कशी भरायची ते पक्के ठाऊक होते, आणि या मुलाला वर्गमूळ येत होते. दोघे एकाच छताखाली आठ-आठ तास काढत आणि एकमेकांकडून काही घेत नसत. ही त्यांची चूक म्हणता येईल, पण मी ती धंद्याची म्हणतो. शिकवणे हे कोणाचेच काम नव्हते.

म्हणून माझे म्हणणे असे: प्रशिक्षण हवे, भरपूर हवे, पण ते थप्पीपासून सुरू होऊन वर जावे. वडोदऱ्याचे गतिशक्ती विश्वविद्यालय २०२२ मध्ये केंद्रीय विद्यापीठ झाले, त्याचे स्वागतच आहे. पण गोदामाचे नुकसान प्राध्यापकांच्या खोलीत होत नाही, ते डॉकवर होते. दोन टनांचा फोर्कलिफ्ट चालवणाऱ्याला माहीत हवे की तो कुठल्याही उंचीवर दोन टन उचलत नाही. फाट्यांवर भार जितका पुढे आणि मास्ट जितका वर, तितकी क्षमता कमी. यंत्रावरच्या पट्टीत हे लिहिलेले असते. बहुतेकदा इंग्रजीत. चालवणारा असतो विदर्भातला नाहीतर बिहारातला, आणि त्याला ती पट्टी वाचून दाखवणारे कोणी नसते. त्याच्या भाषेत, त्याच्या यंत्राशेजारी उभे राहून, पगारी वेळेत शिकवलेले चार तास मला एखाद्या पंचतारांकित परिषदेपेक्षा मोलाचे वाटतात.

महाराष्ट्राने १९६९ मध्ये माथाडी कायदा केला. डोक्यावर ओझे वाहणाऱ्याला मजुरीची, भविष्यनिर्वाहाची हमी दिली. देशात तेव्हा असे काही नव्हते. पण त्याच डोक्यात बॅच नंबर, मुदत आणि स्कॅनरही मावतात हे मान्य करायला आपण तयार नाही. त्या कायद्याखालची माथाडी मंडळे मालकांकडून लेव्ही गोळा करतात, त्यातला वाटा शिक्षणाकडे वळवण्याची मागणी कामगार संघटनांनीच लावून धरावी. मालक आपणहून करणार नाहीत. माझे हुंडेकरी तर नाहीच नाही.

आणि ज्यांची मुले यंदा या अभ्यासक्रमाला जाणार आहेत त्या पालकांनी फी भरण्याआधी संस्थेला एवढेच विचारावे: आमचा मुलगा डॉकवर किती महिने काढणार, आणि तिथे त्याला शिकवणाऱ्या मुकादमाला तुम्ही मानधन किती देता? दुसऱ्या प्रश्नाला उत्तर मिळाले नाही, तर पैसे परत पिशवीत ठेवा.