गटारातून वाहून जाणारी जमा

जुलै 2022 मध्ये आपला बऱ्हाणपूर जिल्हा गावोगावच्या प्रत्येक घरात नळाचे पाणी पोचवणारा देशातील पहिला प्रमाणित जिल्हा ठरला. त्याचा आम्हांला अभिमान आहे. पण नळाने आलेले पाणी मोरीतून पुढे कोठे जाते, हा प्रश्न कोणा पुढाऱ्याने सभेत काढल्याचे आमच्या ऐकिवात नाही.

शहरापुरता हिशेब करून पाहू. 2011 च्या जनगणनेत शहराची वस्ती 2 लाख 10 हजारांवर होती. माणशी रोज 135 लिटर पाणी हे सरकारी प्रमाण. त्यातले सुमारे 80 टक्के सांडपाणी होऊन बाहेर पडते, हेही सरकारीच गृहीत. म्हणजे दिवसाला सव्वादोन कोटी लिटर. वस्ती त्यानंतर वाढलीच आहे. यातले जे नाल्यांतून तसेच तापीला मिळते, ते खाली हतनूरच्या धरणात जाते. (रावेर-भुसावळला आपलेच सोयरे राहतात!)

सांडपाणी शुद्ध करणे म्हणजे नुसता खर्च, हा समज आम्हांला मान्य नाही. याच तापीच्या काठी सुरतेच्या महापालिकेने 2014 मध्ये बमरोली येथे सांडपाण्यापासून रोज 4 कोटी लिटर पाणी तयार करणारा प्रकल्प सुरू केला आणि ते पाणी पांडेसराच्या रंगाई-छपाई कारखान्यांना विकले. पालिकेला पैसा मिळाला, तेवढे गोडे पाणी पिण्यासाठी वाचले. नागपूरचे शुद्ध केलेले सांडपाणी कोराडीच्या वीजकेंद्राला जाते. आपल्याकडे कापडाचा धंदा आहे आणि शहराबाहेर पाऊल टाकले की केळीचे मळे. गिऱ्हाईक दारातच उभे आहे.

मात्र एक पथ्य पाळावे लागेल. रंगाईत मीठ वापरतात. ते साध्या शुद्धीकरण केंद्रात निघत नाही, आणि खारे पाणी केळीला सोसत नाही. रंगाईचे पाणी घरगुती सांडपाण्यात मिसळले की सगळेच पाणी शेतीच्या कामातून गेले. म्हणून त्याची वाट वेगळी, शुद्धीकरण वेगळे, आणि खर्च कारखानदाराचा. आपल्या समाजातील काही कारखानदार यावर नाराज होतील, इलाज नाही.

1615 साली, रहीम खानखानाच्या काळात, तब्कुतुल अर्ज या इराणी जाणकाराने सातपुड्याच्या पायथ्याचे पाणी जमिनीखालून नुसत्या उतारावर शहरात आणले. पाहुणा आला की आपण त्याला कुंडी भंडारा दाखवायला नेतो. त्याच शहराने वापरलेल्या पाण्याकडे पाठ फिरवावी, हे आम्हांला लाजिरवाणे वाटते.

नगर निगमची मागची निवडणूक 2022 मध्ये झाली. मुदत पाच वर्षांची. मत मागायला येईल त्याला, पक्ष कोणताही असो, समाजबांधवांनी विचारावे : रोज किती सांडपाणी शुद्ध होते, ते कोठे जाते, आणि ते विकून निगमच्या खात्यात किती रुपये जमा होणार? उत्तर लेखी घ्यावे.