हुशार मुलांचं काय करायचं?

वर्गात एखादं मूल चटकन शिकणारं निघालं की आपल्याकडे त्याचं तीनपैकी एक काहीतरी होतं. त्याला मॉनिटर करतात. नाहीतर "तुझं झालं ना? मग गप्प बस" म्हणून हाताची घडी घालायला लावतात. आणि प्राथमिक शाळेचं शेवटचं वर्ष आलं की स्कॉलरशिपला बसवतात. पहिल्या दोन गोष्टी कुणी अभिमानाने सांगत नाही. तिसरी मात्र अख्खं घर सांगत फिरतं. माझं आजचं भांडण या तिसरीशी आहे.

आमच्या घरच्यांचे फोन यायच्या आत एक सांगून टाकते. ही परीक्षा वाईट आहे, बंद करा, असं माझं अजिबात म्हणणं नाही. वाडीवस्तीवरच्या जिल्हा परिषदेच्या शाळेतलं मूल आणि शहरातल्या नावाजलेल्या शाळेतलं मूल एकच पेपर सोडवतात, ही मोठी गोष्ट आहे. यादीत नाव आलं म्हणून "हिला पुढे शिकवायचं" असं ठरलेली किती घरं महाराष्ट्रात असतील! 2023 मध्ये पाचवीच्या शिष्यवृत्तीची रक्कम वर्षाला 5000 रुपये झाली, तेही चांगलंच झालं. परीक्षा असू दे. पण हुशार मुलाला पुढे नेण्याचा एवढा एकच रस्ता आपल्याला ठाऊक आहे, आणि त्याचाही आपण क्लास करून टाकला आहे, हे मला खुपतं.

आता परीक्षा असते कशी ते बघा. पूर्वी ती चौथी आणि सातवीला असायची. 2017 पासून पाचवी आणि आठवीला झाली. 2025 मध्ये ती पुन्हा चौथी-सातवीला न्यायचा निर्णय झाला. या इयत्तांवर भरपूर चर्चा झाली. स्वरूपावर किती झाली? पाचवीला दोन पेपर होते, प्रत्येकी 75 प्रश्न, 150 गुण, दीड तास. म्हणजे एका प्रश्नाला 72 सेकंद. चार पर्याय, एक गोल काळा करायचा. मराठी माध्यमाच्या मुलाचं मराठी, गणित, इंग्रजी आणि बुद्धिमत्ता, सगळं याच पद्धतीने. तीनशे गुणांच्या या परीक्षेत मूल स्वतःचं एक वाक्यही लिहीत नाही. उत्तर कसं काढलं हे त्याला कुणी विचारत नाही.

राज्यभरातल्या एवढ्या मुलांची परीक्षा घ्यायची तर हे असंच होणार, मान्य. पण ते मोजमाप झालं. मोजपट्टीने उंची मोजता येते, वाढवता येत नाही. आपण मात्र जून ते परीक्षेपर्यंत मुलाला त्या पट्टीशीच उभं करून ठेवतो. सकाळी शाळेच्या आधी जादा तास, रविवारी सराव पेपर, दिवाळीच्या सुट्टीत प्रश्नसंच.

या तासांना शिकवतात काय? उदाहरणार्थ 347 गुणिले 28. "पूर्ण गुणाकार करू नका रे, सात आठे छप्पन्न, शेवटी 6 येणारा पर्याय शोधा." युक्ती छानच आहे. पण त्यामागे एक सुंदर प्रश्न दडलेला आहे: गुणाकाराचा शेवटचा अंक ठरवताना बाकीचे अंक मध्ये का येत नाहीत? दशकाला कशानेही गुणलं तरी शेवटी शून्यच येणार, हे नऊ-दहा वर्षांच्या मुलाला स्वतःचं स्वतः सापडू शकतं, आणि सापडलं की ते नाचतं! पण 72 सेकंदांत नाचायला वेळ नसतो. पुढचा प्रश्न.

माझी भाची चौथीत आहे. पोरगी हुशार आहे (मावशीवर गेली आहे, असो). मी तिला एक गणित घातलं. परिमिती 36 सेंटीमीटर असलेले, बाजू पूर्ण संख्येत असलेले आयत किती? आणि सर्वांत मोठं क्षेत्रफळ कुणाचं? तिने वही उघडली, पेन्सिल घेतली आणि मला विचारलं, "मावशी, पर्याय कुठे आहेत?"

ताई, रागावू नकोस, पण मला त्या प्रश्नाने खरंच वाईट वाटलं. हीच मुलगी दुसरीत असताना चंद्र आपल्या गाडीबरोबर का पळतो म्हणून डोकं खायची.

पर्याय नाहीत म्हटल्यावर ती जराशी फुरंगटली. मग चौकटीच्या कागदावर आयत काढायला लागली. 1 बाय 17, 2 बाय 16, असं करत 9 बाय 9 पर्यंत. चौरस हाही आयतच का, यावर आमचं एक भांडण झालं. क्षेत्रफळं लिहिली: 17, 32, 45, 56, 65, 72, 77, 80, 81. उत्तर मिळालं, संपलं, असं तिला वाटलं. मी म्हटलं, शेजारशेजारच्या संख्यांतला फरक लिही. 15, 13, 11, 9, 7, 5, 3, 1. ती गप्पच झाली. मग तिने आपणहून परिमिती 40 घेऊन बघितलं. तासभर गेला, आणि गुण शून्य.

"हुशार मुलांना ताण द्या" याचा माझ्या लेखी अर्थ हा आहे. पुढच्या इयत्तेचं पुस्तक आधी संपवणं नव्हे, आणि त्याच गणिताची शंभर भावंडं सोडवणंही नव्हे. त्यांना अडू द्यायचं. ज्या मुलाला सगळं पहिल्या झटक्यात येतं, त्याला अडणं म्हणजे काय हे माहीतच नसतं. मग आठवीत नाहीतर अकरावीत पहिल्यांदा अडतं, आणि त्याला वाटतं, आपण हुशार नव्हतोच. तेव्हा घरचे म्हणतात, "चौथीत स्कॉलरशिप मिळाली होती हो, पुढे काय झालं कोण जाणे." तर मंडळी, हे असं झालं.

यावर दोन आक्षेप येतील, मला ठाऊक आहेत. पहिला: वर्गात धड वाचता न येणारी मुलं आहेत, आधी त्यांचं बघा, हुशारांचं काय, ती शिकतीलच. यातला पहिला भाग शंभर टक्के खरा आहे. पण "ती शिकतीलच" हे सुशिक्षित, पैसेवाल्या घरातल्या मुलांबद्दलच खरं आहे. घरी पुस्तक नाही, विचारायला कुणी नाही, अशा घरातल्या हुशार मुलीला शाळेने काही दिलं नाही तर दुसरं कोण देणार?

दुसरा: दोन-दोन इयत्ता एकत्र सांभाळणाऱ्या गुरुजींना कुठला वेळ? रास्त आहे. म्हणून तर मी वेगळी "हुशार तुकडी" मागत नाही. वरचं आयताचं गणित सगळ्या वर्गाला द्या. कुणी तीन आयत काढेल, ते त्याचं शिकणं. कुणी नऊ काढेल. एखादी फरकापर्यंत पोचेल. गुरुजींचा खर्च खडूच्या एका ओळीचा. उलटं गणितही देता येतं: उत्तर 48 आहे, वजाबाकी आणि भागाकार दोन्ही लागतील असं शाब्दिक उदाहरण तुम्ही तयार करा. भाषेत समानार्थी शब्दांच्या याद्या पाठ करून घेण्याऐवजी "आनंद" आणि "मजा" यांत फरक काय, दोन-दोन वाक्यांत लिहा. आठवड्यातून एक असा प्रश्न, आणि उत्तराची घाई नाही. बस्स.

आणि घरच्यांनी काय करायचं? निकाल लागला की "किती पडले? कितवी आलीस?" हे विचारणारे पुष्कळ आहेत, त्यात आपली भर नको. तिला एखादं न सुटणारं कोडं द्या, आणि दोन दिवसांनी फोन करून विचारा, कुठपर्यंत आलं. उत्तर मात्र सांगू नका. विशेषतः मामा, तुम्ही. तुम्हाला राहवत नाही, आणि भाचीने अजून 40 वाल्याचं कारण शोधलेलं नाही.