खेडे हा घटक, पण केवळ सीमेपुरता?

सह्याद्रीचा एखादा कडा कोसळला की आठवडाभर डॉ. माधव गाडगीळ यांच्या नावाचा जप चालतो. माळीण (२०१४), इर्शाळवाडी (२०२३), वायनाड (२०२४) या प्रत्येक वेळी तो चालला. आठवडा सरला की तेच नाव विकासाचा वैरी म्हणून घेतले जाते. जांबोटी-कणकुंबीच्या पट्ट्यात पिढ्यान्‌पिढ्या नांदत आलेल्या आपल्या मराठी घरांतूनही हे दोन्ही सूर ऐकू येतात. आमचा आक्षेप दोहोंवर आहे. कारण अहवालाचा गाभा दोहोंनीही वगळला आहे.

गाडगीळांचा पिंड कळण्यासाठी दांडेलीचे उदाहरण पुरेसे आहे. तेथील कागद गिरणीला शासन टनास दीड रुपया दराने बांबू देत असे. बेटे खचू लागली, तेव्हा वनखात्याने दोष गुरांना आणि गावकऱ्यांना दिला. १९७५ च्या सुमारास गाडगीळांनी रानात फिरून पाहणी केली. बेटाच्या बुडाशी असलेले काटेरी कुंपण खातेच 'साफसफाई' म्हणून काढून टाकत होते आणि उघडे पडलेले कोवळे कोंब गुरे खात होती. त्या काट्यांचा उपयोग गावकऱ्यांना आधीच ठाऊक होता. ज्याने हे पाहून लिहिले, त्याला 'माणसे हाकलून जंगल राखणारा' म्हणायचे, याला काय म्हणावे?

२०१० साली नेमलेल्या त्यांच्या समितीचा अहवाल ऑगस्ट २०११ मध्ये सादर झाला. मंत्रालयाने तो दाबून ठेवला. माहितीच्या अधिकाराखाली भांडण होऊन, प्रकरण दिल्ली उच्च न्यायालयापर्यंत गेल्यावर मे २०१२ मध्ये तो लोकांपुढे आला. तोवर अफवांचे पीक कापणीस आले होते. अहवालात होते ते असे : संवेदनशील क्षेत्रांच्या तीन श्रेणी सुचवाव्यात, पण अंतिम सीमा ग्रामसभांशी विचारविनिमय करून ठरवाव्यात. गोव्याच्या २०२१ च्या प्रादेशिक आराखड्यासाठी गावोगावी झालेल्या चर्चेचा दाखलाही समितीने दिला होता.

आता आपण आपल्याच चळवळीचे सूत्र आठवावे. खेडे हा घटक, भौगोलिक सलगता, भाषिक बहुसंख्या, लोकेच्छा. पाटसकर तत्त्वाचा हा पाठ आपल्या घरातली लहान मुलेही म्हणत आली. भाषेच्या सीमेसाठी जे तत्त्व आपण पवित्र मानतो, तेच रानाच्या सीमेसाठी एका मराठी शास्त्रज्ञाने मांडले, आणि आपण ते वाचण्याचीही तसदी घेतली नाही.

समितीही निर्दोष नव्हती. तिचा प्राथमिक नकाशा तालुकावार रंगवलेला होता आणि इंग्रजी अहवालाच्या शेकडो पानांपेक्षा तो रंगच गावोगाव पोहोचला. अख्खा तालुका एका रंगात दिसल्यावर शेतकरी बिथरला, तर त्याचा दोष केवळ खाणवाल्यांच्या माथी मारता येत नाही. परंतु त्यावर उतारा म्हणून आलेल्या कस्तुरीरंगन गटाने (२०१३) उपग्रहाच्या चित्रांवरून गावे निवडली आणि ग्रामसभेचे स्थान आणखीच पुसट केले. गाडगीळांनी त्यावर जाहीर पत्र लिहिले, ते याच मुद्द्यासाठी.

पाण्याचेही तेच. मलप्रभा कणकुंबीत उगम पावते, म्हादईही याच खानापूर तालुक्यातली. कळसा-भांडुऱ्याचे ३.९ टीएमसी पाणी मलप्रभेत वळवण्यास लवादाने २०१८ मध्ये मुभा दिली. त्या दाव्यात पक्षकार तीन राज्ये होती. ज्या गावाच्या ओढ्यावर कालवा खोदला, ते गाव नव्हते.

जुलै २०२४ मध्ये केंद्राने अधिसूचनेचा सहावा मसुदा काढला. सप्टेंबरमध्ये कर्नाटक मंत्रिमंडळाने कस्तुरीरंगन अहवाल फेटाळला. ग्रामसभांनी सीमा आखण्याची पायरी यांपैकी एकातही नव्हती. तिच्यासाठी आवाज उठवण्याचा पहिला हक्क, ते सूत्र मुखोद्गत असणाऱ्या आपलाच होता.